बटण सोडल्यावर

वाशिमच्या बागेत मी संध्याकाळी फिरायला जायचो, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ रोज दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. जेवणाचा डबा उघडावा तसा ते बाकावर छोटा रेडिओ मांडत, दगड बांधलेली दोरी एकाच फेकीत कडुनिंबावर टाकत आणि तिच्यामागून एरियलची तार वर ओढत. मग माईकचं बटण दाबून कुठल्या कुठल्या मुलखातल्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलत. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता.

एकदा तसं त्यांना म्हणालो, तर त्यांनी मला माईकच्या बटणावरचा आपला अंगठा दाखवला.

"बटन दाबलेलं असलं का आपलंच चालते. समोरचा बोलून राह्यला तरी आपल्याले आयकू येत नाही. घरी मी चाळीस वर्सं बटन सोडलंच नाही, भाऊ. मांगच्या साली बायको गेली. तिले काय म्हनाचं होतं, मले मालूमच नाही."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. दूरचा कुणी हिंदीत आपल्या गावच्या थंडीचं, दुखऱ्या गुडघ्याचं सांगत होता. त्याचं 'ओव्हर' झालं. आता यांची पाळी होती, पण यांनी बटण दाबलं नाही.

"दादा, सुन रहे हो?" पलीकडून आवाज आला.

माईक मांडीवर ठेवून त्यांनी नुसती मान हलवली.