अव्वाची रेघ

भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी बजावलं होतं, की खनिज ओळखताना रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. नखानं ओरखडून बघा, हातात तोलून बघा, टाइलच्या खरखरीत पाठीवर घासून रेघ कुठल्या रंगाची उमटते ते बघा. मला याचं इतकं वेड लागलं, की भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हाताला लागेल ते मी घासत सुटले. तुरटी झाली, खडेमीठ झालं, उंबऱ्यालाही सोडलं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, मशीनवर टॉवेलांच्या कडा शिवता शिवता हसायची. तिचं माहेर दुधनीचं. कौतुक करायची ते कानडीत आणि टोमणे मारायची ते मराठीत. दगडं वळखायला कालिज लागतंय व्हय, म्हणायची.

त्या वर्षी ती चांगली उजळली होती. लग्नकार्यात बायका विचारायच्या, चेहऱ्याला काय लावतेस म्हणून. मलाही ऐकून बरं वाटायचं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात सुई शोधायला मी मशीनचा खण उघडला, तर रिळांमागे पुडीत पांढरे तुकडे. मी हरखलेच. नख सहज रुतलं. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं. लिंबू पिळलं, फेस आला नाही, म्हणजे चुनखडी नव्हे. शंखजिरं, सगळ्यांत मऊ खनिज. स्वतःवर खूश होऊन तुकडा उलटा केला, तर दुसऱ्या टोकावर दातांच्या खुणा होत्या. पाटीवरची पेन्सिल होती ती.

अव्वा मागेच उभी होती. म्हणाली, "तोंडाला चवच न्हाय गं. ही खाल्ली की बरं वाटतंय."

दोन वर्षं चाललं होतं हे. शाळेजवळच्या दुकानातून ती नातीसाठी म्हणून पेन्सिली आणायची, आणि आमच्या घरात नात नव्हती. मी भडकले, नको ते बोलले. ती मान खाली घालून धागे तोडत राहिली. तेव्हा कुठे मला तिची पांढरीफटक नखं दिसली. खालची पापणी ओढून बघितली, तर आत लालीचा मागमूस नाही. अंगात रक्त नव्हतं, आणि आम्ही तिला गोरी झालीस म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

दवाखान्यात यायला ती काही केल्या तयार होईना. पेन्सिल खाते म्हणून डॉक्टरांना सांगायचं कसं, हसतील की, एवढंच तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारून मी हेमॅटाइटचा तुकडा घरी आणला. काळाकुट्ट, जड. टाइलच्या पाठीवर तिलाच घासायला लावला. रेघ लाल उमटली.

"हे लोखंड आहे अव्वा. तुझ्यात हेच कमी पडलंय, म्हणून जीव माती मागतोय. यात हसण्यासारखं काय आहे?"

तिनं ती रेघ बोटानं पुसून पाहिली. मग उठून साडी बदलली.

डॉक्टर हसले नाहीत. खडू की पेन्सिल, एवढंच त्यांनी विचारलं. गोळ्या बरेच महिने चालल्या आणि पुडी कधी सुटली ते तिलाही कळलं नाही.

आता मी नातेपुत्याला शिकवते, शनिवारी घरी येते. बॅग खाली ठेवायच्या आत अव्वा पुढ्यात येऊन बोटानं पापणी खाली ओढते. "बघ की, माझी रेघ लाल हाय का."

मी हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवते. असते. पण मी लगेच सांगत नाही. तेवढाच वेळ तिचा चेहरा माझ्या हातात राहतो.