न विचारता लावलेली गिटार

दुसऱ्याच्या वाद्याला न विचारता हात लावू नये, एवढं साधं कळू नये लोकांना? तंबोरा असता तर लावला असता का हात? गिटार म्हणजे काय, कुणीही यावं आणि खुंट्या पिळाव्यात!

बँकेतली नोकरी सोडून मी गिटारवर ब्लूज हे अमेरिकन संगीत वाजवते. पुण्याहून सिंगापूरला आलेले बाबा महिनाभर माझ्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये माझा रियाझ दाराआडून ऐकत होते, पण स्टेजवर त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता, त्यात मला वीस मिनिटं मिळाली होती. पोरीनं डोकं फिरून नोकरी सोडलेली नाही, हे बाबांना पटवायला माझ्याकडे तेवढीच होती.

ब्लूजसाठी मी काही तारा मुद्दाम उतरवते. मग बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून घसरवत न्यायची, की गिटार माणसासारखी कण्हते. घरून तशी लावूनच आणली होती आणि स्टेजमागच्या खोलीत ठेवली होती. स्टेजवर बसले, पहिला हात मारला, आणि शी! उतरवलेल्या तारा कुणीतरी पुन्हा चढवून ठेवलेल्या.

मान खाली घालून मी लावत बसले. तेवढ्यात निवेदिका माइकवर म्हणाली, "यांचं होईपर्यंत, मिसळ तयार आहे हं, गरम आहे तोवर घ्या!" झालं! अख्खा हॉल उठला. माझी वीस मिनिटं कांदा-लिंबात गेली.

मी तणतणत आत गेले. पेटी वाजवणारे काका हसतमुखानं म्हणाले, "अगं, किती उतरली होती! मोबाइलवर बघून अगदी परफेक्ट लावून दिली."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?"

काका माझ्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघायला लागले.

"मीच म्हटलं त्यांना," बाबा म्हणाले. "महिनाभर ऐकतोय, तुझी गिटार उतरलेलीच असते. चार लोकांत हसं नको व्हायला."

"मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"नोकरी सोडून बसलीस. आता काय सांगायचं तुला, की पोरी, तुला सूरच कळत नाही?"

असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. रिकाम्या हॉलमध्ये नेऊन मी त्यांना पहिल्या खुर्चीत बसवलं.

"आता ऐका," म्हटलं. "आणि परत हात लावाल तर बघा."