ठासणीच्या बंदुकीत अडकलेला रॉड

माझी शेवटची पोस्टिंग बंगळूरची. हवालदार, आर्मरर, म्हणजे युनिटची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची आणि ती ठीक आहेत अशी सही करायची. हातात आलेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं, हा आमचा पहिला धडा. बावीस वर्षांत हीच सवय मला माणसांच्या बाबतीतही लागली होती.

त्या वर्षी युनिटच्या छोट्या म्युझियमसाठी एक ठासणीची बंदूक आली. बसवनगुडीत भांड्यांचं दुकान असलेल्या वसंतरावांनी ती दिली होती. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलंच. लायसन्स रीतसर जमा झालं होतं. कागदावर शेरा होता: बंदूक रिकामी, वापरात नाही.

सोमवारी ०९०० वाजता मी ती नायक दिनकर सुतारकडे साफ करायला दिली. दिनकर आजरा तालुक्यातला. माझ्या हाताखाली येऊन त्याला चार महिने झाले होते. कमी बोलायचा. कमी बोलणाऱ्याकडे मी जरा जास्तच लक्ष ठेवायचो.

०९३० ला तो माझ्यासमोर उभा राहिला.

"उस्ताद, रॉड अडकला."

"कुठे?"

"नळीत, तळाच्या वर. खाली काहीतरी आहे. मी दाबला नाही."

मी जाऊन पाहिलं. पितळी क्लिनिंग रॉड तोंडातून थोडासाच बाहेर होता आणि जागचा हलत नव्हता. बाहेरून माप घेतलं. तोंडापासून निपलपर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत, नळी एकोणचाळीस इंच. रॉड आत पस्तीस. मध्ये चार इंच.

"चिंद्या किती घातल्यास?"

"एक."

मी पाकीट मोजलं. सकाळी दहा चिंद्या दिल्या होत्या. आठ उरल्या होत्या.

"दुसरी?"

"तिने लॉक पुसलं, चापाचा भाग."

"दाखव."

त्याने कचऱ्याचा डबा पाहिला, टेबलाखाली पाहिलं. चिंदी सापडली नाही. एकीवर दुसरी चिंदी कोंबून याने रॉड ठोकला आणि आता अंग काढून घेतोय, असं मी मनात धरून टाकलं. दोन चिंद्यांनी चार इंच भरत नाहीत हे मला कळत होतं. तरी तोच प्रश्न मी त्याला तीन वेळा विचारला. तिसऱ्या वेळी तो गप्प राहिला आणि माझा संशय पक्का झाला.

तेवढ्यात सुभेदार मेजर साहेब आले.

"चौदह सौ बजे सी.ओ. साहब देखेंगे. उलटा करके हथौड़ा मारो, निकल आएगा."

स्टोअरमन म्हणाला, "गॅसचा टॉर्च लावू? नळी तापली की सुटेल."

टॉर्च त्याच्या हातातच होता. मी तो काढून घेतला.

"साब, वीस मिनट दीजिए. कोई हाथ नहीं लगाएगा."

बंदूक रिकामी असल्याचा शेरा ज्याच्या शब्दावर पडला होता, त्याला विचारणं भाग होतं. मी वसंतरावांना फोन लावला.

"अण्णा, बंदूक कधी भरली होती का?"

"छे हो साहेब. माझ्या जन्मापासून भिंतीवरच आहे ती. रिकामीच."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"स्वल्प थांबा हं. अक्काला विचारतो."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. फोनवर तिचा आवाज स्वच्छ आला.

"आमच्या अप्पांनी भरली होती ती. तोटात, म्हणजे आमच्या मळ्यात, डुकरं यायची. चाप ओढला, पण उडालीच नाही. मग तशीच आणून टांगली."

"अक्का, मग कागदावर रिकामी कसं लिहिलं?"

"मला कुणी विचारलं?"

फोन ठेवून मी सुभेदार मेजर साहेबांना सांगितलं. त्यांनी हातोड्याकडे पाहिलं आणि एका शब्दाचीही हुज्जत न घालता वायरलेस सेट उचलला.

"गार्ड कमांडर, वर्कशॉप एरिया खाली करो. अभी. ओवर."

"रॉजर. खाली कर रहे हैं. ओवर."

सी.ओ. साहेबांना कळवलं. १४०० ची पाहणी रद्द झाली. अ‍ॅम्युनिशनचे तज्ज्ञ सुभेदार ११२० ला पोचले. त्यांच्या देखरेखीखाली बंदूक वाळूच्या पोत्यांमध्ये उभी केली आणि नळीत पाणी सोडलं. निपलच्या भोकातूनही पिचकारीने पाणी सोडलं. दारू पूर्ण भिजेपर्यंत पुढचं काही करायचं नाही, असा हुकूम. रात्रभर पहारा ठेवला.

मंगळवारी १००० वाजता रॉडच्या कडेने तेल सोडलं. दुपारी नळी लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसच्या जबड्यात आवळली, तोंड पोत्यांकडे. रॉडच्या टोकाला क्लॅम्प लावला आणि त्याला लांब दोर बांधला. दोर ओढणारा पोत्यांच्या आडोशाला बाजूला राहणार होता. पण भिजलेली दारूसुद्धा कोणी शंभर टक्के भिजली असं म्हणत नाही.

"मी ओढतो," दिनकर म्हणाला.

"का?"

"माझ्या हातून अडकला."

तज्ज्ञ सुभेदारांनी मान हलवली. दिनकरने झटका न देता दोर ताणला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा रॉड बोटभर सरकला. तिसऱ्यांदा बाहेर आला. टोकाला चिंदी होती. एकच.

मग तज्ज्ञांनी स्क्रूच्या टोकाची सळई घालून बाकीचं काढलं. आधी काथ्याचा बोळा, मग शिशाचे छर्रे, शेवटी काळा चिखल. पूर्ण चार इंच. त्यातला चिमूटभर चिखल त्यांनी उन्हात वाळवला आणि लांब काडीने पेटवून पाहिला. भक्कन पेटला. सुभेदार मेजर साहेबांनी हातोडा उचलून पेटीत ठेवला.

संध्याकाळी दिनकरने कामाची डांगरी बदलताना खिशात हात घातला. आतून काळी झालेली चिंदी निघाली. लॉक पुसून खिशात ठेवली होती आणि विसरला होता. ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

मी म्हणालो, "ठीक आहे."

तो म्हणाला, "हो उस्ताद."

एवढंच झालं. रिपोर्टमध्ये मी त्याचं नाव लिहिलं, त्याने वेळेवर थांबून कळवलं असंही लिहिलं. पण रिपोर्ट त्याने वाचलेला नव्हता.

पुढच्या वर्षी मी रिटायर झालो आणि बंगळूरातच बनशंकरीत राहायला आलो. दिनकरची पोस्टिंग उत्तरेला झाली. तिथे घाटात अडकलेली गाडी काढताना वरून दरड आली. तो खाली होता. सोबतच्या दोघांना त्याने हाक मारून बाजूला केलं, स्वतःला वेळ मिळाला नाही. मला फोन जुन्या स्टोअरमनचा आला.

मी त्याच्या गावी गेलो. दिवस होऊन गेले होते. त्याची आई ओसरीवर बसली होती. कामाला कसा होता, असं तिने विचारलं. मी तिला बंदुकीची सगळी हकिकत सांगितली. माझा विश्वास नव्हता, हेही सांगितलं.

"मग नंतर बसला का विश्वास?"

"बसला."

"त्याला सांगितलंसा का तसं?"

"नाही."

ती म्हणाली, "आता दुसऱ्यांना तरी सांगा."

म्हणून हे लिहिलं. नायक दिनकर सुतार, वय एकतीस. तो खोटं बोलत नसे.