देवस्थळींची जांभळाची वाइन

श्यामसुंदर देवस्थळी बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आले आणि निवृत्तीनंतर डमडमच्या फ्लॅटमध्येच राहिले. कारण विचारलं तर ते इथल्या माणसांचं कौतुक सांगतात. खरं कारण असं असावं, की ज्या शहरात डाळीतही साखर पडते तिथे गोडाची आवड लपवावी लागत नाही.

वाइनही त्यांना गोडच लागते. मुलगी नूपुर कंपनीच्या कामाने देशोदेशी हिंडते आणि येताना बाटली आणते. पोर्तुगालची पोर्ट, डेन्मार्कची चेरीची, जपानची प्लमची.

“बाबा, जाणकार लोक गोड वाइन पीत नाहीत रे,” ती दर वेळी सांगते.

“म्हणूनच त्यांचे चेहरे तसे असतात,” देवस्थळी दर वेळी म्हणतात. मग शोकेसमधल्या गणपतीपासून आदरयुक्त अंतर राखून बाटली उभी राहते.

दर रविवारी संध्याकाळी ते एक छोटा पेला घेत. एकट्यानेच, आणि हेच त्यांना खुपायचं. पत्नी सरलाबाईंनी एकदाही ओठ लावला नव्हता.

“कुणी केलंय, कुणाच्या पायांनी तुडवलंय, देव जाणे. घरात केलेलं असतं तर चाखलं असतं,” त्या एकदा म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

देवस्थळी विसरले नाहीत. जूनमध्ये सियालदहच्या बाजारातून टोपलीभर जांभळं आली. कर्जप्रकरणाची छाननी करावी तशी त्यांनी ती निवडली, कुस्करली, साखर आणि यीस्ट घालून आंबवली. पहिला फेस ओसरल्यावर रस गाळून काचेच्या बरणीत भरला. हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही अशी नळी झाकणाला बसवली आणि बरणी पलंगाखाली अंधारात सरकवली. मग भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला गेले, ते महिन्याने परतले.

बरणी पलंगाखाली नव्हती. बाल्कनीत उन्हात बसली होती. नळी, झाकण गायब. तोंडाला पांढराशुभ्र दादरा बांधलेला.

“अहो, आत कोंडून ठेवली होतीत, बुरा आला असता,” सरलाबाई म्हणाल्या. “पावसाने उघडीप दिली की ऊन दाखवलं. लोणच्याची घेते तशी काळजी घेतली हो.”

त्यांच्या स्वरात इतका अभिमान होता, की देवस्थळींनी वासावरून जे ओळखलं ते पोटात ठेवलं. दादऱ्यातून महिनाभर हवा खाऊन वाइनचं जे व्हायचं ते झालं होतं.

“चाखणार म्हणाली होतीस,” ते एवढंच म्हणाले.

शब्दाला जागून सरलाबाईंनी चमचाभर तोंडात घातलं. त्यांचे डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत गेले.

“अगंबाई! हा तर शिरका! नुसतं व्हिनेगर! हे तुम्ही हौसेने पिता?”

“दर रविवारी.”

“खोटं नका बोलू. आधी तोंड गोड करायला काहीतरी द्या.”

घरात त्या घटकेला संदेश मिठाईसुद्धा नव्हती. देवस्थळींनी शोकेस उघडली आणि पोर्ट ओतली. सरलाबाईंनी औषध घ्यावं तशी नाक धरून घेतली. मग नाक सोडलं. मग दुसरा घोट घेतला, सावकाश.

“हे बरंय की,” त्या म्हणाल्या. “मनुकांसारखं लागतंय. हेच का नाही केलंत?”

देवस्थळी दुसरा पेला पुसत होते.

बरणीतला शिरका आता कांद्यांत मुरतो आणि जेवताना ताटात असतो. शोकेसमधली पोर्ट मात्र पूर्वीच्या दुप्पट वेगाने उतरू लागली आहे. नूपुरला तसं कळवण्यात आलं आहे.