उतरवलेले थर

कॉलेज संपल्यावर वर्षभर मी तेर गावाजवळ स्वयंसेवक म्हणून गरजू कुटुंबांची घरं बांधायला गेले. तिथल्या गवंड्याला सगळे मामा म्हणायचे. मामा प्रत्येक वीट थापीनं वाजवून बघत आणि आम्ही काहीही रचलं तरी "लई भारी!" म्हणत. मी कमी बोलते, नुसती हसायचे.

एका संध्याकाळी विसरलेली बाटली आणायला परत गेले, तर मी दिवसभर रचलेले तीन थर मामा उतरवत होते.

"मामा, रोज उतरवता?"

"रोज न्हाय," ते ओशाळले. "भिंत वाकडी ऱ्हायली तर आत ऱ्हाणाऱ्याला जलमभर तरास. तुमाला सांगून कशाला हिरमुसं करायचं?"

मला रडू आलं. पण दुसऱ्या दिवसापासून सगळे गेल्यावर मी थांबू लागले. भिंत सरळ आहे का बघायला मामा ओळंबा सोडायचे, वाकडे थर मीच उतरवून पुन्हा रचायचे.

"पोट सुटलंय बघ तुझ्या भिंतीला," ते चिडवायचे.

एका संध्याकाळी त्यांनी ओळंबा सोडला, दोरी थांबेपर्यंत थांबले आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मी उतरवायला पुढं झाले.

"कुठं निघालीस? हात धू अन् घरी जा."