बाबांचा टेप चालूच राहिला

माझ्या वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळ माझे वडीलच बोलले. प्रवचनाला आलेल्या भन्तेजींनाही त्यांनी धड बोलू दिलं नाही.

बाबांचा जीव गाण्यात. नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये दिवसभर राबायचं, संध्याकाळी अंगावरचा कापूस झटकायचा आणि पेटीपुढे बसायचं. आसपासच्या खेड्यांत जयंती असो की बारसं, बाबांची गायन पार्टी हजर. पण माणूस पक्का संसारी. भीमगीताचा मुखडा घेताना एक डोळा चुलीवरच्या दुधावर, आणि अंतरा संपायच्या आत घरात प्रत्येकाला एकेक काम सांगून मोकळे. त्यांच्या आयुष्यात दुःख एकच होतं, आणि ते म्हणजे मी. त्यांच्या पोटी जन्म घेऊन मी ठार बेसूर निघालो. त्यांनी माझ्या हातात पेटी दिली, ढोलकी दिली, खंजिरी दिली आणि शेवटी हताश होऊन बैठकीच्या सतरंज्या दिल्या.

बाबा गेल्यापासून माय फारसं बोलत नव्हती. हसणं तर दूरच. कार्यक्रमाच्या तयारीत एक दिवस म्हणाली, "बालू, त्यायचा आवाज एकदा ऐकव मले. मंग मी काईच मांगत नाई."

मी घर पालथं घातलं. पेटीच्या खोक्यात तळाशी एक कॅसेट सापडली, वर बाबांच्या अक्षरात 'रियाज'. बाजारातल्या दुकानदाराने तिच्यातलं सगळं माझ्या मोबाईलमध्ये घालून दिलं. पहिलं गाणं लावलं आणि बाबांचा तो खणखणीत आवाज ऐकून मला रडू आलं. पुढचं काही मी ऐकलंच नाही. (इथेच माती खाल्ली.)

कारण एक गोष्ट मी विसरलो होतो. टेपरेकॉर्डरचं बटण सारखं दाबलं की झिजतं, असा बाबांचा ठाम समज होता. म्हणून ते रियाजाच्या सुरुवातीला एकदाच बटण दाबत. पुढे कॅसेट आपोआप संपेपर्यंत घरात जे काही होईल ते टेपच्या पोटात जाई.

कार्यक्रमाला घरापुढे मांडव घातला होता. वंदना झाली आणि डेकोरेशनवाल्या गजाननने माझा मोबाईल कर्ण्याच्या मशीनला जोडला. गाणं सुरू झालं. मायने डोळ्यांना पदर लावला. दुसरबीडचे मामा तर हुंदके देऊन रडायला लागले. गाणं संपलं आणि भन्तेजींनी माईक हातात घेऊन प्रवचन सुरू केलं, की या जगात काहीच कायम टिकत नाही.

"अवं, चहा ठेवजो," कर्ण्यातून बाबा म्हणाले. "मंडळी आली."

"ठेवते," म्हणून माय उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

मी गजाननकडे धावलो. "बंद कर बे!"

"कसा करू? मोबाईल लॉक झाला. तुहा अंगठा लागते."

"मंग मशीन बंद कर."

"मशीन बंद केली तं भन्तेजीचा माईक बी जाते."

तेवढ्यात बाबा कडाडले, "चपला बाहेर काढा रे! सतरंजी नवी हाय."

अर्धा मांडव उठला. ज्यांच्या पायात चपला होत्या ते काढायला गेले, ज्यांनी आधीच काढल्या होत्या ते त्या जागेवर आहेत का हे बघायला गेले. भन्तेजी पुन्हा सुरू करणार, तोच बाबांनी फर्मान सोडलं, "वाढा आता. पाव्हणे भुकेजले."

वाढपी बिचारे बादल्या धरून हुकमाचीच वाट पाहत होते. खीर आली, पत्रावळी आल्या. मी हात जोडून मामांना म्हटलं, "मामा, थांबा. तो टेप हाय."

"दाजी सोता सांगून राह्यले तं तू कोण थांबवणारा?" मामा डोळे पुसत म्हणाले आणि पत्रावळीपुढे बसले. भन्तेजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा खिरीकडे पाहिलं आणि प्रवचन आवरतं घेतलं.

गर्दीतून वाट काढताना माझा हात एका बादलीत गेला. खिरीने बरबटलेला अंगठा मोबाईल काही केल्या ओळखेना. मी तो शर्टाला पुसतोय, पुन्हा टेकवतोय, तेवढ्यात माय शेजारी येऊन उभी राहिली.

"राहू दे न बापा," ती म्हणाली. "कायले बंद करून राह्यला? घरात माणूस आल्यासारखं वाटते."

आणि ती हसली. वर्षानंतर हसली. नेमकं तेव्हाच कर्ण्यात पेटी वाजली आणि बाबांनी दुसरं गाणं धरलं. मला राहवेना. भन्तेजींनी ठेवलेला माईक मी उचलला आणि बापाच्या आवाजात आवाज मिसळला. मांडवातल्या लोकांनी हातातले घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सगळे गहिवरले.

ध्रुपदावर मी वरचा सूर लावला आणि कर्ण्यातली पेटी एकदम थांबली.

"थांबा रे," बाबा म्हणाले. "बालू, तू नोको गाऊ बापा. तू सतरंज्या पाह्य."

कॅसेट भरली तेव्हा मी आठवीत होतो, हे मांडवातल्या कुणाला सांगणार? सगळा मांडव खदखदून हसला, त्यात मायचा आवाज सगळ्यात मोठा. मी मुकाट्याने माईक ठेवला आणि लहानपणापासूनच्या सवयीने जवळची सतरंजी ओढली.

तिच्यावर मामा जेवत होते.