देवानं कुठं राखलं?

उमरग्यात आमच्या घरामागं तुरीच्या दाळीची मिल आहे. खरं तर आधी त्या मिलचं सांगायला पाहिजे, पण शिवकांताच आधी तोंडात येती, काय करणार! मी बोलायला बसले की लोक घड्याळ बघतात, आणि मला घड्याळ बघायला लावणारी ही एकटीच बाई.

सातवी शिकलेली, बारा वर्षं त्या मिलमधी चाळणीवर उभी. मोबाईल असा दोन बोटांत लांब धरती, जसा काही चुलीवरचा पापडच. आणि त्याच मोबाईलवर तिनं जे केलं ते भल्याभल्यांना जमलं नसतं. तिच्या तोंडावर म्हणणार नाही मी. आधीच लई फुगलीय.

झालं असं. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली, कामगारांच्या सुरक्षेचं अ‍ॅप चालवा, मगच दाळ घेतो. मिलचे मालक मल्लिनाथअण्णा, त्यांनी घेतलं. आता फोन चालवणार कोण? शिवकांताला रील बघता येतं, एवढ्यावर तिची नेमणूक! रोज संध्याकाळी सुट्टी झाली की अठरा बायकांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्यांच्याच आवाजात फोनमधी भरायचं. प्रश्न होता, "आज कामावर काही झालं का?"

आमच्याकडं असं विचारतात व्हय? "काही झालं का" म्हटलं की वाईटच बातमी वाटती. एकेक बाई गळ्यातल्या लिंगाला हात लावायची, "शिवशिव! काही न्हाय बाई, काही होऊ नये." वीस दिवस हेच. फोनमधी सगळं हिरवंगार, म्हणजे धोका न्हाय, अण्णा खूश.

शिवकांताचा जीव मात्र थाऱ्यावर न्हवता. दाळ वर चढवायच्या यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीला काढली होती, ती परत बसवलीच न्हवती. पट्टा उघडाच गरगरायचा आणि त्याच्या शेजारी उभी राहायची चन्नम्मा अक्का. साठीची बाई, डोक्यावर पदर. "अक्का, पदर खोचा," म्हटलं की म्हणायची, "मालकापुढं डोकं उघडं टाकू काय ग?" तो पदर पट्ट्याच्या तोंडाशी गेलेला शिवकांतानं दोनदा बघितला होता. एकदा का आत ओढला गेला की अक्काचा हात तरी जाणार, न्हायतर मान.

शिवकांता जाळी बसवा म्हणायला अण्णांकडं गेली. अण्णा म्हणाले, "फोन काय सांगतो? हिरवा. मग तुझंच काय लाल? ऐन सुगीत मिल बंद ठेवू?"

मंग एका संध्याकाळी चहाच्या वेळी चन्नम्मा अक्का शेजारणीला सांगत होती, "आज देवानं राखलं बघ. पदर बोटभर राहिला व्हता पट्ट्याला."

शिवकांता फोन घेऊन धावली. "अक्का, आज काही झालं का?"

"न्हाय."

"अवो, आत्ताच तर सांगत होता!"

"ते झालं कुठं? देवानं राखलं की!"

शिवकांता चहा टाकून हसत सुटली, असं बायका सांगतात. हसायचंच होतं. बाया खोटं बोलतच न्हवत्या. देवानं राखलं म्हणजे काही झालंच न्हाय, हिशोब चोख!

दुसऱ्या दिवशी तिनं फोनमधला प्रश्न फोनमधीच ठेवला आणि तोंडानं विचारलं, "आज देवानं कुठं राखलं?"

अगं बाई! सुरूच झाल्या. एक तेलावर घसरली होती, एकीच्या डोळ्यात भुसा गेला होता, आणि तब्बल अकराजणींना देवानं राखलं होतं पट्ट्यापाशी. दोघी तर तेच कानडीत बोलल्या, "देवरु उळिसिदा." फोन लालभडक.

अण्णा ओरडतच आले. "ही काय भानगड? उद्या पुण्याला गाडी भरायचीय, ते लोक बघतील की! पुसून टाक."

"पुसायला येत न्हाय, अण्णा."

"येतं त्याच्यात. मला दाखवलंय."

"त्याच्यात येत असंल. मला येत न्हाय."

बघा, मालकाच्या तोंडावर! मी तर तिथंच पुसून दिलं असतं. वर आणखी तिनं फोन टेबलावर ठेवला आणि अकराही आवाज एकामागं एक ऐकवले. अण्णा कपाळाला हात लावून ऐकत बसले. संपल्यावर हिनं फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. "अण्णा, तुमचंच राहिलं. तुम्हाला देवानं कुठं राखलं?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "पट्ट्यापाशी. गेल्या सोमवारी. शर्टाची बाही गेली, हात तेवढा वाचला. घरी सांगितलं न्हाय."

तिनं तेही भरलं. बारा झाले.

सकाळी मिल बंद होती. शेजारी राहणाऱ्या आम्हाला ती शांतता कानात बसल्यासारखी वाटली. वेल्डरनं दुपारपर्यंत जाळी बसवली, गाडी एक दिवस उशिरा गेली. चन्नम्मा अक्कानं दोन्ही हातांनी जाळी ओढून बघितली, पदर मुद्दाम त्याच्यावर टाकून बघितला, आणि मगच कामाला उभी राहिली.

संध्याकाळी शिवकांतानं विचारलं, "अक्का, आज देवानं कुठं राखलं?"

"आज कुठं लागला देव?" म्हणत अक्का डबा उचलून घराकडं चालायला लागली.